'हॅलो' आले कुठून? पलीकडच्या तीराला मारलेल्या हाकेची गोष्ट

नर्मदेच्या काठाने चालणाऱ्या परिक्रमावासीला समोरून येणारा माणूस कोण, कुठला, किती वयाचा, कोणत्या जातीचा, हे ठाऊक असण्याची गरज नसते. तो 'नर्मदे हर!' एवढेच म्हणतो आणि समोरून तोच उद्गार परत येतो. मध्य प्रदेशात जबलपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या बरगीच्या परिसरातही हेच ऐकू येते. दरवर्षी परिक्रमेला निघणाऱ्यांत मराठी माणसांची संख्या लक्षणीय असल्याने तो उद्गार मराठी घरांतही आता चांगलाच परिचयाचा झाला आहे.

बरगी येथे नर्मदेवरील धरणाचे काम १९७४ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये ते पूर्ण झाले. राणी अवंतीबाई लोधी सागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाची लांबी सुमारे ७५ किलोमीटर आहे आणि काही ठिकाणी त्याची रुंदी साडेचार किलोमीटरच्या घरात जाते. नदी नदीसारखी वाहत होती तेव्हा अरुंद पात्राच्या ठिकाणी अलीकडून घातलेली साद पलीकडे पोहोचत असे. जलाशय झाल्यावर तो काठ आवाजाच्या टप्प्याबाहेर गेला. पलीकडच्याला बोलवायचे तर आता दूरध्वनी हवा. आणि दूरध्वनी उचलला की तोंडातून पहिला शब्द येतो तो 'हॅलो'.

या दोन अक्षरी इंग्रजी उद्गाराचा अर्थ काय आणि तो आला कुठून, हा प्रश्न वरवर पाहता भाषेच्या अभ्यासकांपुरता आहे. परंतु महाराष्ट्रात तो चक्क शासन निर्णयाचा विषय झाला होता, आणि त्या निर्णयामागे शब्दाच्या अर्थाविषयीचा एक दावा होता. म्हणून त्याच्या मुळाशी जाणे आवश्यक ठरते.

'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्'

राज्याच्या सांस्कृतिक कार्य खात्याची जबाबदारी मिळताच तत्कालीन मंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी १४ ऑगस्ट २०२२ रोजी एक घोषणा केली. सरकारी कार्यालयांतील अधिकारी व कर्मचाऱ्यांनी दूरध्वनीवर संभाषणाची सुरुवात 'हॅलो'ने न करता 'वंदे मातरम्'ने करावी, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२२ रोजी तसा शासन निर्णय निघाला आणि दुसऱ्या दिवशी, गांधी जयंतीला, वर्धा येथून या अभियानाचा प्रारंभ झाला. निर्णयात सक्तीची भाषा नव्हती. कर्मचाऱ्यांना व भेटीला येणाऱ्या नागरिकांना त्यासाठी प्रवृत्त करावे, असे त्यात म्हटले होते.

या निर्णयाचे समर्थन दोन मुद्द्यांवर करण्यात आले होते. 'हॅलो' हे पाश्चात्त्य संस्कृतीचे अनुकरण आहे, हा पहिला मुद्दा. या शब्दाला विशिष्ट अर्थ नाही आणि त्यातून आपुलकी व्यक्त होत नाही, हा दुसरा. अपेक्षेप्रमाणे वाद झाला. कोणी 'जय बळीराजा' सुचविले, कोणी 'जय महाराष्ट्र'. तर काहींनी धार्मिक कारणास्तव 'वंदे मातरम्'ला पर्याय देण्याची मागणी केली. शेजारच्या मध्य प्रदेशाने असा प्रयोग आधीच केला होता. तेथे शाळांत हजेरी घेताना विद्यार्थ्यांनी 'येस सर', 'येस मॅडम'ऐवजी 'जय हिंद' म्हणावे, हा नियम २०१७ मध्ये सतना जिल्ह्यात प्रायोगिक पातळीवर आला आणि मे २०१८ मध्ये राज्यातील सरकारी शाळांसाठी तसा आदेश निघाला.

राजकीय बाजू बाजूला ठेवली तरी भाषेचा प्रश्न उरतोच. 'हॅलो'ला अर्थ नाही, हे खरे आहे काय?

मार्गारेटची दंतकथा

प्रथम एक गैरसमज दूर करणे भाग आहे. दूरध्वनीचा संशोधक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच्या प्रेयसीचे नाव 'मार्गारेट हॅलो' होते, त्याने पहिल्यांदा तिलाच दूरध्वनी केला आणि तेव्हापासून सारे जग तिचे नाव घेत आहे, अशी एक कथा मराठीतही वर्षानुवर्षे फिरत आहे. पूर्वी ती सामान्यज्ञानाच्या सदरांतून फिरे, आता भ्रमणध्वनीवरील संदेशांतून फिरते. कथा गोड आहे, पण तिला कोणताही आधार नाही.

बेलच्या पत्नीचे नाव मेबल हबर्ड. त्यांचा विवाह जुलै १८७७ मध्ये झाला. बालपणी आलेल्या तापामुळे मेबलला ऐकू येत नव्हते. ती समोरच्याच्या ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखत असे. ज्याने आवाज तारेवरून दूर नेला, त्याच्या पत्नीलाच तो आवाज ऐकू येत नव्हता. ही खरी हकिकत दंतकथेपेक्षा कितीतरी अधिक चटका लावणारी आहे.

दूरध्वनीवरून गेलेल्या पहिल्या वाक्यात 'हॅलो' नव्हतेच. १० मार्च १८७६ रोजी बेलने बोस्टन येथे शेजारच्या खोलीत असलेल्या आपल्या साहाय्यकाला, थॉमस वॉटसनला, त्याच्या आडनावाने पुकारून आपल्याकडे येण्यास सांगितले. तारेच्या दुसऱ्या टोकाला वॉटसनशिवाय कोणी नाही, हे बेलला ठाऊक होते. म्हणून नावाने हाक मारता आली. पलीकडे कोण आहे हे ठाऊक नसेल तर काय म्हणायचे, हा प्रश्न त्या दिवशी उद्भवलाच नव्हता.

नावाड्याला घातलेली साद

'हॅलो' हा शब्द दूरध्वनीपेक्षा जुना आहे, पण फार जुना नाही. या रूपात तो छापील मजकुरात आढळतो तो १८२६ च्या सुमारास, अमेरिकेतील एका वृत्तपत्रात. त्याआधी त्याची अनेक भावंडे इंग्रजीत वावरत होती: होला, हॉलो, हलू, हॅलो, हलो. यांपैकी 'होला' हा सोळाव्या शतकापासून दिसतो आणि तो फ्रेंचमधून आला. त्याचा अर्थ साधारणपणे 'ए, थांब', 'अरे, इकडे' असा. शिकारीत कुत्र्यांना चेतविण्यासाठी मारलेल्या आरोळ्यांनाही याच कुळातील शब्द होते. म्हणजे हे सारे शब्द मुळात हाका आहेत, अभिवादने नव्हेत.

यातील सर्वांत चित्रदर्शी दुवा जर्मन भाषेतला आहे. जुन्या उच्च जर्मन भाषेत 'आणणे, बोलावून घेणे' या अर्थाच्या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप 'हाला' किंवा 'होला' असे होते, आणि नदीच्या दुसऱ्या काठावर असलेल्या नावाड्याला बोलावताना ते विशेषकरून वापरले जाई, असे इंग्रजी कोशकारांनी नोंदविले आहे. संध्याकाळ झाली आहे, नाव पलीकडे आहे, नावाडी दिसत नाही. अशा वेळी प्रवासी काठावर उभा राहून जी साद घालतो, ती ही. तिचा अर्थ 'कोणी आहे का?' आणि 'असल्यास इकडे ये' एवढाच. त्यात 'नमस्कार' नाही, 'सुप्रभात' नाही, आपुलकीही नाही.

मराठी वाचकाला येथे 'हाळी' हा आपला शब्द आठवेल. शेताच्या बांधावरून, डोंगराच्या उतारावरून लांबच्या माणसाला 'हाळी देणे' ग्रामीण महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. ध्वनी जवळचा आहे आणि कामही तेच आहे. परंतु तेवढ्यावरून दोहोंचे नाते जोडणे धाडसाचे ठरेल. लांबवर ऐकू जाणारी हाक मारायची तर तोंड उघडे हवे, स्वर दीर्घ हवा आणि सुरुवातीला श्वासाचा जोर हवा. त्यामुळे निरनिराळ्या भाषांतील हाका एकमेकींसारख्या वाटल्या तर नवल नाही. ध्वनिसाम्यावरून नाते ठरवायचे म्हटले तर बरगी या गावाचे नावही कोणी बंगाली भाषेतील 'बर्गी'शी जोडील. हा बंगाली शब्द अठराव्या शतकात बंगालवर चालून गेलेल्या मराठी घोडेस्वारांचा आहे आणि तो आपल्या 'बारगीर'वरून आला. शब्दांच्या व्युत्पत्तीत असे सापळे पावलोपावली असतात.

एकोणिसाव्या शतकात 'हॅलो' व 'हलो' यांना आणखी एक छटा आली, ती आश्चर्याची. अनपेक्षित काही दिसले की इंग्रज माणूस 'हलो!' म्हणे, जसे आपण 'अरे!' किंवा 'अगंबाई!' म्हणतो. रस्त्यात अचानक ओळखीचे कोणी भेटले की हेच आश्चर्य अभिवादनाच्या वाटेला लागे. तरीही १८७० पर्यंत सभ्य माणसाने दुसऱ्या सभ्य माणसाला 'हॅलो' म्हणणे शिष्टसंमत नव्हते. तो रस्त्यावरचा, होडीवरचा, शिकारीतला शब्द होता.

बेलचे 'अहॉय', एडिसनचे 'हॅलो'

बेलची पसंती वेगळ्याच शब्दाला होती. समुद्रावर एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला पुकारताना खलाशी 'अहॉय' म्हणत. दूरध्वनीवरही हाच शब्द वापरावा, असे बेलचे मत होते आणि तो स्वतः तसेच म्हणत असे. हा शब्द रूढ झाला असता तर मराठी घरांत मोठी पंचाईत झाली असती, कारण तो उच्चारायला आपल्या 'अहो'च्या फारच जवळ आहे. दूरध्वनी वाजला की कुणाची तरी पत्नी आपल्या यजमानांना बोलावते आहे, असा भास घरोघर झाला असता. योगायोगाने 'अहॉय'ला पुढे वेगळेच घर मिळाले. ज्यांना समुद्रकिनाराच नाही, त्या चेक व स्लोवाक लोकांच्या भाषांत 'अहोय' हे रोजचे अनौपचारिक अभिवादन आहे.

'हॅलो'चा पुरस्कर्ता होता थॉमस अल्वा एडिसन. दूरध्वनीच्या प्रारंभीच्या काळात दोन कार्यालयांना जोडणारी तार कायम चालू ठेवण्याची कल्पना होती. मग पलीकडच्या माणसाला यंत्राजवळ बोलवायचे कसे? त्यासाठी घंटा बसवावी काय? पिट्सबर्ग येथे दूरध्वनी आणण्याच्या तयारीत असलेल्या टी. बी. ए. डेव्हिड यांना एडिसनने १५ ऑगस्ट १८७७ रोजी पत्र लिहिले. घंटेची गरज पडणार नाही, कारण 'हॅलो' हा शब्द दहा ते वीस फुटांवर ऐकू जातो, असे त्याने त्यात कळविले. ब्रुकलिन महाविद्यालयातील प्राध्यापक ॲलन केनिग्सबर्ग यांनी शोधून काढलेले हे पत्र १९९२ मध्ये वृत्तपत्रांतून जगासमोर आले आणि 'हॅलो'चे श्रेय एडिसनकडे जाण्यास लेखी आधार मिळाला.

या पत्रातील युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. एडिसनने शब्दाचा अर्थ विचारात घेतलाच नाही. शब्द किती फुटांवर पोहोचतो, एवढेच पाहिले. त्याच्या दृष्टीने 'हॅलो' ही घंटा होती. योगायोग असा की, एडिसन स्वतः कानांनी अधू होता.

अमेरिकेतील न्यू हेवन शहरात २८ जानेवारी १८७८ रोजी पहिले व्यापारी दूरध्वनी केंद्र २१ ग्राहकांसह सुरू झाले. त्याच वर्षी निघालेल्या तेथील ग्राहकसूचीत बोलण्याची सुरुवात 'हलोआ' या शब्दाने करावी आणि शेवट 'एवढेच' अशा अर्थाच्या शब्दांनी करावा, अशी सूचना छापलेली होती. सुरुवातीचा शब्द जगभर गेला, शेवटचा कोणी वापरला नाही. केंद्रांवर सुरुवातीस तरुण मुले कामाला होती. त्यांच्या उद्धटपणाला कंटाळून बोस्टनमध्ये १ सप्टेंबर १८७८ रोजी एमा नट या स्त्रीची नेमणूक झाली. पुढे या कामावर स्त्रियाच अधिक दिसू लागल्या आणि त्यांना 'हॅलो गर्ल्स' हेच नाव पडले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये अमेरिकी सैन्याची दूरध्वनी केंद्रे सांभाळणाऱ्या स्त्रियाही याच नावाने ओळखल्या गेल्या. अवघ्या काही वर्षांत रस्त्यावरची आरोळी दिवाणखान्यात येऊन बसली होती.

एकच शहर, एकच वर्ष

भारतात पहिले दूरध्वनी केंद्र औपचारिकरीत्या सुरू झाले ते कोलकात्यात, २८ जानेवारी १८८२ रोजी. न्यू हेवनच्या केंद्रानंतर बरोबर चार वर्षांनी. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य मेजर बेअरिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मुंबई व मद्रास येथेही त्याच वर्षी केंद्रे सुरू झाली. तेव्हा ग्राहक मोजकेच, आणि तेही मुख्यतः व्यापारी पेढ्या व सरकारी अधिकारी. 'हॅलो' या दोन अक्षरांनी भारतात पाऊल ठेवले ते या तारांवरून.

येथे एक विलक्षण योग जुळून आला आहे. 'वंदे मातरम्' हे गीत ज्या कादंबरीत समाविष्ट आहे, ती बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांची 'आनंदमठ' पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली तीही १८८२ मध्ये आणि तीही कोलकात्यातच. गीत त्याआधी काही वर्षे लिहिले गेले होते, परंतु त्याचा देशभर प्रसार होण्यास या पुस्तकापासून सुरुवात झाली. दोन्ही शब्दांचा भारतातील प्रवास एकाच शहरातून, एकाच वर्षी सुरू झाला, आणि १४० वर्षांनी ते महाराष्ट्राच्या एका शासन निर्णयात समोरासमोर आले.

पुढे दूरध्वनी पसरला तो सावकाश. यात जबलपूरचा वाटा मोठा आहे. दूरसंचार खात्याचे प्रशिक्षण केंद्र तेथे १९४२ मध्ये स्थापन झाले आणि देशभरातील अभियंत्यांच्या अनेक पिढ्या तेथून शिकून बाहेर पडल्या. आज ही संस्था भारतरत्न डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखली जाते. बरगीपासून जवळ असलेले हे शहर अशा रीतीने भारतीय 'हॅलो'च्या घडणीतले एक ठिकाण आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

सर्वसामान्यांच्या घरी यंत्र नव्हते तेव्हाही हा शब्द चित्रपटांनी घरोघर नेला. १९४९ च्या 'पतंगा' चित्रपटातील रंगून ते डेहराडून असे दूरध्वनी संभाषण कल्पिलेले द्वंद्वगीत आजही लोकांच्या ओठांवर आहे. त्याचे संगीतकार, आणि शमशाद बेगम यांच्यासह गायकही, सी. रामचंद्र. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्याच्या या मराठी माणसाच्या आवाजातील 'हॅलो' ज्यांनी ऐकला, त्यांतील बहुतेकांनी प्रत्यक्ष दूरध्वनी कधी हाताळलाही नसेल.

ट्रंक कॉलच्या काळात हा शब्द खऱ्या अर्थाने पुन्हा हाक झाला. टपाल कार्यालयात नंबर नोंदवायचा, तासन्‌तास ताटकळायचे, आणि जोडणी मिळाली की खरखरीतून वाट काढत 'हॅलो, हॅलो' असे ओरडायचे. दोन 'हॅलो'ंच्या मध्ये पलीकडून काही ऐकू येते का, याकडे सारे घर कान देऊन असे. बातमी जन्माची असो वा मृत्यूची, तिच्याआधी चार-सहा 'हॅलो' खर्ची पडत. १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान थेट दूरध्वनीची सोय झाली, ऐंशीच्या दशकात पिवळ्या पाट्यांची एसटीडी केंद्रे गावोगावी उघडली, आणि तो आरडाओरडा हळूहळू कमी झाला.

अरे, अगं, अहो

मराठीत हाक मारण्यासाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. मग परका शब्द इतक्या सहजपणे का रुजला? केवळ अनुकरण, हे उत्तर अपुरे आहे. टेबल, तिकीट यांप्रमाणे यंत्राबरोबर शब्द आला, हेही अर्धेच उत्तर. खरे कारण मराठीच्या व्याकरणात सापडते.

व्याकरणकार 'अरे', 'अगं', 'अहो' यांना केवलप्रयोगी अव्यये म्हणतात. वाक्यातील इतर शब्दांशी त्यांचा संबंध नसतो. परंतु समोरच्या माणसाशी मात्र त्यांचा अगदी घट्ट संबंध असतो. पुरुष असेल आणि सलगी असेल तर 'अरे', स्त्री असेल आणि सलगी असेल तर 'अगं', मान द्यायचा असेल तर 'अहो'. म्हणजे तोंडातून पहिला शब्द निघण्याआधी मराठी माणसाला समोरच्याचे लिंग, वय आणि आपले त्याच्याशी असलेले नाते, तिन्ही ठाऊक असावे लागते. समोरासमोर हे निमिषार्धात कळते. दूरध्वनीवर कळण्याचा मार्गच नाही. 'अरे' म्हणावे आणि पलीकडे सासरे निघावेत! 'अहो' हा त्यातल्या त्यात सुरक्षित, पण पलीकडे सहा वर्षांचे मूल असले तर तोही हास्यास्पद. शिवाय अनेक घरांत तो पतीसाठी राखून ठेवलेला.

हीच अडचण पुढच्या वाक्यातही आहे, आणि तिथे मराठीने आपल्याच भात्यातून बाण काढला. 'कोण बोलतोय?' की 'कोण बोलतेय?' हे ठरविता येत नाही म्हणून आपण 'कोण बोलतंय?' असे नपुंसकलिंगी रूप वापरतो. हिंदीला ही सोय नाही. तिथे अनोळखी आवाजाला पुल्लिंगीच धरावे लागते. तीन लिंगांचा भार वाहणाऱ्या मराठीला तिसऱ्या लिंगाचा असा उपयोग दूरध्वनीने करून दिला, असे म्हणायला हरकत नाही.

पहिल्या शब्दासाठी मात्र असे काही हाताशी नव्हते. 'हॅलो'ने ती जागा घेतली. त्याला पुरुष-स्त्री नाही, थोर-लहान नाही, आणि महत्त्वाचे म्हणजे जात-पंथही नाही. 'राम राम', 'जय भीम', 'नमस्कार', 'राम कृष्ण हरी', 'सलाम' ही आपली अभिवादने अर्थपूर्ण आहेत, जिव्हाळ्याची आहेत, आणि त्यांतील प्रत्येक अभिवादन उच्चारणारा कोण आहे हेही सांगते. 'हॅलो' काहीच सांगत नाही. शासन निर्णयातील निरीक्षण भाषाशास्त्राच्या दृष्टीने बरेचसे बरोबर होते: या शब्दाला विशिष्ट अर्थ नाही. परंतु अनोळखी माणसाच्या कानावर पडणाऱ्या पहिल्या शब्दाला अर्थ नसणे ही उणीव मानायची की सोय, याबाबत मात्र मतभेद होऊ शकतो. प्रस्तुत लेखकाला ती सोय वाटते.

इतर भाषांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडविला. इटालियन माणूस 'तयार आहे' अशा अर्थाचा 'प्रोंतो' म्हणतो, स्पॅनिश माणूस 'सांगा' म्हणतो, मेक्सिकोत 'छान' अशा अर्थाचा 'ब्वेनो' चालतो. जपानी 'मोशी मोशी'चे मूळ 'बोलतो' या अर्थाच्या नम्र क्रियापदात आहे. मराठीतही 'हां, बोला' हे उत्तर आहेच आणि ते 'सांगा'च्या जातीचे आहे. मात्र ते बोलते ते ज्याला बोलावले आहे तो. ज्याने बोलावले आहे, त्याला 'हॅलो'च लागतो.

मराठीत आल्यावर हा शब्द दूरध्वनीला चिकटून राहिला नाही. गणेशोत्सवाच्या मंडपात ध्वनिक्षेपक तपासताना कार्यकर्ता फुंकर मारतो आणि 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणतो. तिथे तो पुन्हा एडिसनची घंटा होतो. दूरदर्शनवरील 'हॅलो इन्स्पेक्टर' ही रमेश भाटकर यांची मालिका नव्वदच्या दशकातील प्रेक्षकांना आठवत असेल. विविध भारतीचा 'हॅलो फर्माइश' श्रोत्यांच्या परिचयाचा आहे. तर 'लोकमत'च्या शहर पुरवण्यांची नावेच 'हॅलो'ने सुरू होत. आणि अलीकडच्या तरुण मराठीत 'ओ हॅलो!' हा उद्गार चक्क दटावणीचा आहे. 'कुठे चाललात? भानावर या' हे सारे त्यात येते. इंग्रजीत अभिवादन बनलेला शब्द मराठीत पुन्हा 'थांब, इकडे बघ' या अर्थावर आला, म्हणजे सोळाव्या शतकातील 'होला'च्या जवळ जाऊन पोहोचला.

दरम्यान, 'हॅलो'ला ओहोटी लावणारी एक गोष्ट शांतपणे घडून गेली आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आता बोलावणाऱ्याचे नाव आधीच दिसते. त्यामुळे आवाज ऐकण्यापूर्वीच 'बोल रे', 'काय गं', 'हां, बोला साहेब' असे म्हणता येते. अरे, अगं, अहो पुन्हा आपापल्या जागी आले आहेत. 'हॅलो' उरला आहे तो अनोळखी क्रमांकांसाठी, तुटक आवाजासाठी आणि पलीकडून उत्तर येत नसेल त्या क्षणासाठी. नावाड्याला घातलेली सादही अशाच क्षणाची होती.

ओळखीशिवाय हाक मारण्याची सोय मराठीने पूर्वी कधी केलीच नव्हती, असे मात्र नाही. पंढरीच्या वाटेवर वारकरी शेजारच्याला 'माउली' म्हणतो. तो माणूस पुरुष आहे की स्त्री, वृद्ध आहे की बालक, पाटील आहे की मजूर, हे त्या एका शब्दात विचारले जात नाही. वारीच्या वाटेवर ते शब्दशः चालते. वारीबाहेर, कचेरीत किंवा बाजारात तो शब्द इतक्या सहजतेने येत नाही. नर्मदेच्या काठावर हेच काम 'नर्मदे हर' करते. नदी उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र न ओलांडता चालायचे, हा परिक्रमेचा नियम असल्याने या वाटसरूंना पलीकडच्या नावाड्याला साद घालण्याचा प्रसंग येत नाही. त्यांची हाक याच काठावरच्या माणसासाठी असते: झोपडीच्या दारातून पाणी मागताना, आश्रमाच्या पायरीवर पाठीवरचे ओझे उतरविताना, धुक्यात समोरून पावले वाजली की.

बरगीच्या जलाशयाला वळसा घालणाऱ्या आजच्या परिक्रमावासीच्या झोळीत बहुधा भ्रमणध्वनीही असतो. सायंकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर तो वाजतो. पुण्याहून, नागपुराहून किंवा सांगलीहून मुलगी 'हॅलो, बाबा?' म्हणते. इकडून उत्तर येते, 'नर्मदे हर'. मग दोघे जेवणाखाण्याची, पायांच्या फोडांची आणि उद्याच्या टप्प्याची चौकशी करू लागतात.